बाहेरून एआर, आतून बावीस

मला हवी होती कागदावर छिद्रं पाडायला बावीसच, म्हणजे छोट्या .22 काडतुसाची रायफल, पण हाताळायला एआर-15 या लष्करी धाटणीच्या रायफलीसारखी. हिशेब सरळ आहे. एआर-15 ला लागणारं .223 चं काडतूस साधारण चाळीस-पन्नास सेंटला पडतं, बावीसचं (.22 लाँग रायफल) सात-आठ सेंटला. बायकोही नेमाला बसणार म्हटल्यावर तर प्रश्नच मिटला. इथे ह्यूस्टनमध्ये तीन रायफली हाताळून पाहिल्या.

मॉसबर्ग 715टी दिसायला झकास, किंमतही कमी. आत मात्र मॉसबर्गचीच साधी 702 प्लिंक्स्टर, वरून एआरचं प्लास्टिकचं कवच. तमाशातल्या सोंगाड्याला इन्स्पेक्टरचा ड्रेस घालावा तसं. साफसफाईला कवचाचे स्क्रू काढत बसायचं, आणि बावीसची दारू काजळी धरते फार. ही बाद.

रुगर 10/22 बद्दल वाईट बोलायची सोय नाही. 1964 पासून चालू आहे, दहा गोळ्यांचं गोल फिरतं मॅगझिन पोटात बसतं, सुटे भाग म्हणाल ते मिळतात. काळा दस्ता आणि दुर्बीण वगैरे अडकवायची रेल चढवली की झाली लष्करी थाटाची, टॅक्टिकल. पण शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) आपोआप उघडा राहत नाही, आणि खटके एआरच्या जागी नाहीत. निव्वळ नेमबाजी करायची असती तर डोळे मिटून हीच घेतली असती.

घेतली ती स्मिथ अँड वेसनची एम अँड पी 15-22. सेफ्टी, मॅगझिनचा खटका, बोल्ट अडवून धरणारा बोल्ट-कॅच, सगळं एआरच्याच ठिकाणी. मॅगझिन संपलं की बोल्ट उघडा थांबतो. रिसीव्हर, म्हणजे रायफलीचा मधला सांगाडा, पॉलिमरचा (प्लास्टिकचा) म्हणून जुनी मंडळी नाकं मुरडतात. मुरडू देत, वजन पाच पौंडांच्या आसपास राहतं ते त्यामुळेच. मॅगझिनच्या बाजूचं बटण अंगठ्याने खाली ओढलं की स्प्रिंग दबते आणि गोळ्या अलगद आत जातात, नखं दुखत नाहीत. दस्ता मागेपुढे सरकतो, हे खरं सुख. बायको कोल्हापूरला एनसीसीत होती, तिथल्या .22 चा लाकडी दस्ता तिला इतका लांब पडायचा, की गाल टेकवला तर घोडा लांब आणि घोडा गाठला तर डोळा भलतीकडे. इथे तिने दस्ता पूर्ण आत ढकलला आणि पहिल्याच मॅगझिनला माझ्यापेक्षा घट्ट ग्रुप काढला, म्हणजे छिद्रं जवळजवळ पाडली. (यावर घरात अजून बोलणं चालू आहे.)

अमेरिकेत एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मात्र थांबा. शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर बंदूक विकत घेणं सोडाच, जवळ बाळगणंही केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांनी दुकानात बंदूक खरेदीचा सरकारी 4473 फॉर्म भरायचा, तपासणी होते. न्यू जर्सीकरांनी दहा गोळ्यांचं मॅगझिन असलेलीच मागावी, पंचवीसचं तिथे चालत नाही.

आणि गोळ्यांत कंजुषी नको. स्वस्तातल्या ठोक डब्यातली काडतुसं मध्येच अडकत होती. सीसीआय कंपनीची मिनी-मॅग काडतुसं (गोळीचं वजन 40 ग्रेन) घातल्यापासून तक्रार नाही.