श्टुटगार्टची एस-१ : अपडाउनवालीच्या नजरेतून

माझी बँकेतली नोकरी वडोदरा–आणंद अपडाउनमध्येच झाली, त्यामुळे कुठेही गेले तरी तिथली लोकल मी आधी बघते. लेक-जावई जर्मनीत श्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला असतात. त्यांच्याकडे होते तेव्हा तिथली एस-१ ही लोकल मनसोक्त वापरली. आपल्याकडचे बरेच आईवडील मुलांकडे तिकडे जातात, त्यांच्यासाठी हे लिहिते.

किर्शहाइम, वेंडलिंगेन, प्लोखिंगेन, एस्लिंगेन, श्टुटगार्ट, ब्योब्लिंगेन, हेरेनबेर्ग अशी गावं जोडणारी ही लाइन. श्टुटगार्टची एस-बान, म्हणजे तिथली लोकल रेल्वे, १९७८ मध्ये सुरू झाली. हेरेनबेर्ग १९९२ मध्ये जोडलं गेलं आणि किर्शहाइम २००९ मध्ये.

मला सगळ्यात आवडलं ते वेळापत्रक. समजा ८:०७ ची गाडी असेल, तर पुढच्या ८:२२, ८:३७, ८:५२ आणि मग ९:०७. कामाच्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी, पहाटे आणि रात्री अर्ध्या तासाने. मिनिटं एकदा डोक्यात बसली की कागद बघायलाच नको. वडोदरा–आणंदच्या मधल्या वासदच्या पुढे-मागे ज्यांनी पासावर वर्षं काढली, त्यांना याची किंमत कळेल. संध्याकाळची ठरलेली गाडी हुकली की घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन जायची. मुलांची शाळा, सासूबाईंचं औषध, रात्रीची कणीक, सगळं त्या एका गाडीवर टांगलेलं असायचं. माझी लेक मात्र ऑफिसातून निघताना घड्याळ बघत नाही. ही गेली तर पुढची आहेच. नोकरी करणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्टेशनवर गेट नाही. तिकीट काढून सरळ चढायचं. पण साध्या कपड्यातला तपासनीस कधीही येतो आणि विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नका, दारावरचं बटण दाबावं लागतं. महिनाभर राहणार असाल तर जर्मनीभर चालणारा मासिक पास घ्या. २०२३ मध्ये तो ४९ युरोंना निघाला, २०२५ मध्ये ५८ झाला, २०२६ पासून ६३ आहे. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत तो चालत नाही, पण एस-बान, बस, ट्राम सगळं त्यात येतं.

श्टुटगार्टहून एस्लिंगेनला येताना डाव्या खिडकीशी बसा. उंटरटुर्कहाइमपासून टेकडीवर द्राक्षांचे मळे लागतात, दगडी बांधांवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले. उजवीकडे मर्सिडीजचा कारखाना. त्यांचं संग्रहालय बघायचं असेल तर नेकारपार्कला उतरावं. श्टुटगार्टच्या पुढे फाइहिंगेनकडे जाताना गाडी साडेआठ किलोमीटरहून लांब बोगद्यातून चढण चढते. मधलं विद्यापीठाचं स्टेशन जमिनीखालीच आहे आणि तिथे अर्धा डबा विद्यार्थ्यांनी रिकामा होतो.

दुखणंही याच बोगद्याचं. एस-१ ते एस-६, सगळ्या गाड्या त्यातूनच जातात, म्हणून एक अडकली की मागच्या साऱ्या रखडतात. २०२१ पासून काही उन्हाळ्यांत, शाळांच्या सुट्टीत, सिग्नल वगैरेच्या कामांसाठी तो काही आठवडे बंदही ठेवला होता. त्या सुमारास जाणार असाल तर मुलांना आधी विचारून घ्या.

किर्शहाइमला जाताना पाटीवरचं शेवटचं स्टेशन नीट वाचा, कारण मधल्या काही गाड्या प्लोखिंगेनलाच संपतात. आणि आपल्या वयाच्या मंडळींसाठी सर्वात महत्त्वाचं म्हणजे गाडीत संडास नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सव्वा-दीड तास लागतो. किर्शहाइमहून थेट हेरेनबेर्गला, तिथल्या चर्चच्या मनोऱ्यातलं घंटांचं संग्रहालय बघायला निघाला असाल, तर घरूनच जाऊन या. चहा तिकडे पोचल्यावर.