‘मॅग्नेट्रॉन गेलाय, मॅडम’

गणपतीला आठ दिवस असताना आमचा मायक्रोवेव्ह रुसला. म्हणजे दिवा लागायचा, आतली काचेची ताटली फिरायची, शेवटी टिंग वाजायचं आणि वाटीतलं दूध थंडगार. मालवणजवळच्या आमच्या घरात दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. त्यात चाकरमानी यायचे दिवस. मी घाईत होते, आणि तिथेच फसले.

वॉरंटी कार्ड कोण शोधत बसणार, म्हणून मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून ‘कस्टमर केअर’ शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. साधा दहा आकडी मोबाइल नंबर होता. पण समोरच्याने कंपनीचंच नाव घेऊन नमस्कार केला, मग शंका कसली?

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, पण उलटं फिरलेलं. ओव्हनचं झाकण उघडायच्या आधीच म्हणाला, “मॅग्नेट्रॉन गेलाय, मॅडम.” (मॅग्नेट्रॉन म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा ओव्हनमधला भाग.) मग म्हणाला, उघडल्यावर रेडिएशन येतं, लहान मुलं लांब न्या, तुम्हीही बाहेर थांबा. मी मुकाट्याने चहा टाकायला गेले. (प्लग काढलेल्या ओव्हनमधून कसलंही रेडिएशन येत नाही, हे मला नंतर कळलं.)

चहा होईतो काम उरकलं होतं. त्याने हातात धरून एक भाग दाखवला. पत्र्याच्या पापुद्र्यांवर काजळी, एका लोहचुंबकाला तडा. “हा तुमचा जुना. कंपनीला परत द्यावा लागतो.” असं म्हणून लगेच बॅगेत टाकला. साध्या पावतीवर नवीन मॅग्नेट्रॉनचे 3,400 आणि मजुरीचे 600 लिहिले. दूध मात्र खरंच उकळलं. मी रोख चार हजार दिले, वर दोन नारळही.

दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत पुन्हा तेच. दिवा, ताटली, टिंग, थंड दूध. आता माझा फोन तिकडे कोणी उचलेना. शेवटी बाजारात मिक्सर-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. आधीच का नाही बोलावलं? त्याचं दुकान टपरीएवढं, आणि मला ‘कंपनीचा माणूस’ हवा होता.

त्याने आधी प्लग काढला, मग आतला मोठा कपॅसिटर जपून डिस्चार्ज केला. “प्लग काढलो तरी ह्येच्यात करंट ऱ्हवता, काकीनू. हात लावू नकात.” चालू असताना तिथे चार हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. खरी भीती ती. यूट्यूब बघून झाकण उघडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

मग त्याने टॉर्च मारून मला जवळ बोलावलं. मॅग्नेट्रॉन ज्या चार स्क्रूंनी बसवलेला होता, त्यांच्या खाचा गंजाने भरलेल्या. आमच्याकडची खारी हवा चार वर्षांत लोखंडाचं काय करते ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या गंजावर साधा ओरखडा नव्हता. “ह्यो कोणी भायर काढूकच नाय.” म्हणजे दाखवलेला तुकडा बॅगेतूनच आलेला होता, आणि तिथेच परत गेला.

खरा दोष बोटभर लांब होता. मॅग्नेट्रॉनच्या तारेला जोडलेली टर्मिनलची क्लिप काळी पडलेली, तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळलेलं. मॅग्नेट्रॉनच्या मध्यभागी एक फिलामेंट, म्हणजे तारेचं वेटोळं असतं, ते तापलं की इलेक्ट्रॉन सुटतात. लोहचुंबक त्यांना सरळ जाऊ देत नाहीत, ते गोल फिरत तांब्याच्या पोकळ्यांच्या तोंडांवरून जातात. मेकॅनिक म्हणाला, रिकाम्या शहाळ्याच्या भोकावर फुंकर मारली की घुमतं ना, तसंच, फक्त आवाजाऐवजी 2450 मेगाहर्ट्झच्या लहरी. या फिलामेंटला तीन-साडेतीनच व्होल्ट लागतात, पण करंट दहा अँपिअरच्या घरात. एवढ्या करंटला क्लिप जराशी सैल किंवा गंजलेली असली तरी ती तापते, जळते आणि फिलामेंट थंड राहतो. इस्त्रीच्या शर्टवाल्याने ती क्लिप पकडीने दाबली होती. चार हजारांचं काम ते एवढंच.

मल्टिमीटर लावूनही दाखवलं. फिलामेंटच्या दोन टोकांत रोध एक ओहमपेक्षा कमी, टोक आणि धातूच्या बॉडीत मात्र जोडच नाही. एवढ्यावर मॅग्नेट्रॉन ठणठणीत आहे असं म्हणता येत नाही, पण फिलामेंट तुटलेला नाही आणि शॉर्टही नाही हे कळतं. खरंच गेला असता तर बदलावाच लागला असता, कारण आत निर्वात नळी असते, ती कोणी घरी उघडून दुरुस्त करत नाही.

जळका भाग कापून नवीन क्लिप बसवली. 250 रुपये. मग एक लिटर पाणी मिनिटभर ठेवायला सांगितलं. आधी आणि नंतर थर्मामीटर. जितके अंश वाढतील त्याला सत्तरने गुणलं की साधारण वॅट निघतात. आमचं पाणी अकरा अंशांनी तापलं, म्हणजे 770 वॅटच्या आसपास.

संध्याकाळी कपाटात वॉरंटी कार्ड सापडलं. ओव्हनला एक वर्ष, मॅग्नेट्रॉनला पाच. म्हणजे तो खरंच गेला असता तरी त्या भागाचे पैसे मला द्यायचे नव्हते! कंपनीचा खरा नंबर त्याच कार्डावर छापलेला होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण रोख दिलेले पैसे आणि विनाशिक्क्याची पावती, त्यामुळे फार आशा नाही.

परवा भाच्याच्या मोबाइलवरून त्याच नंबरला फोन लावला. पलीकडून कंपनीचं नाव, नमस्कार, सगळं तसंच. मी म्हटलं, ओव्हन झकास तापतो, फक्त ताटली फिरत नाही.

“मॅग्नेट्रॉन गेला असणार, मॅडम.”