जुना फिशटँक धुवायला काय वापरावं: व्हिनेगर, ब्लीच, स्पिरिट की नुसतं ऊन?

जुना टँक घेताना विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: यातले शेवटचे मासे कुठे गेले? दुसऱ्याला दिले, टँक अजून चालू आहे, की एकापाठोपाठ एक मेले? टँक कशाने धुवायचा हे या उत्तरावर ठरतं.

जुन्या टँकमध्ये दोन वेगळ्या प्रकारची घाण असते. पाण्याच्या रेषेवरचा पांढरा क्षार आणि वाळलेलं शेवाळ डोळ्यांना दिसतं. जंतू, परजीवी आणि आधीच्या औषधांचे अंश दिसत नाहीत. क्षार आम्लाने निघतो, जंतू जंतुनाशकाने मरतात, आणि दोन्ही कामं एका बाटलीत होत नाहीत. काच लखलखली की टँक निर्धोक झाला असं आपण धरून चालतो, आणि फसगत होते ती इथेच.

भांड्यांचा साबण, काच पुसायचा स्प्रे आणि संडास धुण्याचं ॲसिड या तिन्ही गोष्टी आधीच बाद करा. साबणाचा अंश कोपऱ्यांतल्या सिलिकॉनच्या सांध्यांत राहतो आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. स्वयंपाकघरातली घासणीही नको, तिच्यात साबण मुरलेला असतो. नवा स्पंज घ्या. उकळतं पाणी काचेच्या टँकमध्ये कधीही ओतू नका, काच तडकते.

क्षारासाठी व्हिनेगर की लिंबूसत्त्व?

बोअरवेलच्या पाण्यावर चाललेल्या टँकला क्षाराचा जाड पट्टा हमखास असतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्ल लागताच फसफसून विरघळतो. साधं पांढरं व्हिनेगर किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, दोन्ही चालतात. मी लिंबूसत्त्वाला झुकतं माप देईन. ते स्वस्त पडतं, त्याला उग्र वास नाही, आणि लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे पुरतात. टँक आडवा ठेवा, म्हणजे डागाची काच खाली सपाट येईल. त्यावर द्रावणात भिजवलेलं फडकं अर्धा तास पसरून ठेवा आणि मग दाढीच्या ब्लेडने, ब्लेड तिरपं धरून, क्षार खरवडा. ब्लेड सिलिकॉनला लागू देऊ नका, नाहीतर टँक गळेल. ॲक्रिलिकच्या टँकवर ब्लेड चालवायचंच नाही. खडे मीठ हा घरगुती उपाय घासायला बरा आहे, पण मिठाने रोगजंतू मरतील असं समजू नका.

जंतूंसाठी चार पर्याय

लिक्विड ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. रोगाचा संशय असेल तर माझी पहिली पसंती यालाच. एक भाग ब्लीच, एकोणीस भाग पाणी. सुगंधी किंवा फेसाळ ब्लीच घेऊ नका. टँक काठोकाठ भरायची गरज नाही. थोडं द्रावण आत घेऊन स्पंजने सगळ्या काचा पंधरा मिनिटं ओल्या ठेवल्या तरी काम होतं. हातात रबरी मोजे, दारं-खिडक्या उघड्या. मग चार-पाच वेळा स्वच्छ धुवा, टँक पाण्याने भरा, माशांच्या दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन नेहमीच्या तीन-चार पट घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी ते पाणी ओतून द्या आणि टँक पूर्ण वाळवा. क्लोरीनचा किंचितही वास आला तर हे पुन्हा करा.

इथे एक धोका माणसांना आहे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी आम्लाने क्षार काढायचा, भरपूर पाण्याने धुवायचं, आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी. क्रम असाच ठेवा, कारण क्षाराच्या थराखाली ब्लीच पोहोचतही नाही.

पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकायचं जांभळं औषध, जंतू मारतं खरं, पण सिलिकॉनवर तपकिरी डाग पाडतं आणि घाण जास्त असेल तर लगेच निष्प्रभ होतं. ब्लीच मिळत असताना याच्या वाटेला जाण्याचं कारण मला दिसत नाही.

सत्तर टक्के स्पिरिट एका खास कामासाठी लागतं. आधीचे मासे खंगून, पाठीचा कणा वाकून किंवा अंगावर न भरणारे व्रण येऊन मेले असतील तर माशांच्या क्षयाची शंका घ्यावी. त्याचे जंतू मेणचट आवरणाचे असतात आणि क्लोरीनला बरेच दाद देत नाहीत. स्पिरिटने ते मरतात. हा जंतू माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतो आणि त्वचेवर महिनोन्‌महिने गाठी राहतात. हाताला कापलेलं असेल तर असा टँक मोज्यांशिवाय हाताळू नका. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, मोकळ्या हवेत वापरा. खरं सांगायचं तर एवढी शंका असेल आणि टँक लहान, स्वस्तातला असेल, तर तो न घेणंच बरं.

ऊन फुकट आहे आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच काम करतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी कोरडेपणात टिकत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने माळ्यावर पडलेल्या टँकमध्ये त्याची भीती नाही. क्षयाच्या जंतूंसाठी मात्र उन्हावर विसंबू नये. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हा पर्याय धरूच नका.

मग निवड कशी करायची?

टँक चालू आहे, मासे डोळ्यांसमोर ठणठणीत पोहतायत: ब्लीच नको. क्षार काढा, पाण्याने धुवा, पुरे. टँक कोरडा पडून होता आणि मासे मेल्याचं कोणी सांगत नाही: क्षार काढा, धुवा, आठवडाभर कडक उन्हात ठेवा, ऊन नसेल तर ब्लीच. मासे मेले, किंवा विकणारा नीट सांगत नाही: ब्लीच कराच, आणि जुनी खडी, जाळी, स्पंज टाकून द्या. खडी धुण्यात जीव काढू नका, ती स्वस्त मिळते आणि तांब्याची औषधं वापरली असतील तर त्यांचा अंश तिच्यात राहू शकतो. झिंगे किंवा गोगलगायी ठेवणार असाल तर तांबं त्यांच्यासाठी विषच. लाकडाचे तुकडे ब्लीच शोषून घेतात, ते मोठ्या पातेल्यात उकळा.

धुण्याआधी गळती तपासा. दोन बाय एक बाय एक फुटांच्या टँकमध्ये साधारण 56 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन 56 किलो. गच्चीवर सपाट जागी, खाली थर्माकोल घालून भरा आणि दोन दिवस तसाच ठेवा.

फिल्टरच्या स्पंजबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजमध्ये राहतात. निरोगी, चालू टँक घेत असाल तर स्पंज धुऊ नका. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा आणि त्याच दिवशी फिल्टर सुरू करा. स्पंज वाळलेला असेल किंवा ब्लीच केला असेल तर ते जिवाणू गेले असं समजा आणि नव्याने वाढू द्या. याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी भरलेल्या, पण मासे नसलेल्या टँकमध्ये फिल्टर चालू ठेवून खाद्याची चिमूट टाकत राहा, आणि पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये आधी अमोनिया, मग जिवाणू त्यापासून बनवतात ते नायट्राइट वर जाऊन दोन्ही शून्यावर उतरल्याशिवाय एकही मासा आणू नका.