करंजीची पारी: मोहनाची करावी की साट्याची?

पारी म्हणजे करंजीचं बाहेरचं आवरण. मोहनाच्या पारीत पिठाला कडकडीत तूप चोळतात, तर साट्याच्या पारीत पोळ्यांच्या मध्ये फेसलेलं तूप आणि पिठीचा लेप, म्हणजे साटा, लावतात. कोणती करायची हे ठरत नसेल, तर आधी सारणाकडे बघा. ओल्या नारळाचं सारण असेल तर प्रश्न मिटला, मोहनाचीच पारी घ्या. नारळाचा ओलावा साट्याच्या पदरांत मुरतो आणि सकाळची कुरकुरीत करंजी संध्याकाळपर्यंत मऊ पडते. सुक्या खोबऱ्याचं, खसखस घातलेलं कोरडं सारण असेल तर दोन्ही चालतात. मग बघायचं ते वेळ किती आहे आणि मदतीला कोणी आहे का. साट्याच्या करंज्या एकटीने किंवा एकट्याने करणं जिकिरीचं आहे: लाट्या वाळतात, कढईकडे लक्ष राहत नाही. पहिल्यांदाच करत असाल तरी मोहनाचीच करा.

मोहनाची पारी

साधारण २० करंज्यांसाठी १२५ ग्रॅम बारीक रवा, १२५ ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि ४० ग्रॅम तूप. तूप कडकडीत तापवून पिठावर ओता, चर्र आवाज आला पाहिजे. कोमट झाल्यावर बोटांनी चोळा. पिठाचा मुटका वळला आणि बोट लावताच मोडला, की मोहन बरोबर. कमी पडलं तर पारी वातड होते. जास्त झालं तर तळताना करंजी फुटते आणि सारण तेलात जळतं.

साधारण १०० मिली दूध थोडं थोडं घालत पीठ घट्ट भिजवा आणि तासभर ओल्या फडक्याखाली ठेवा. या वेळात रवा फुगून पीठ दगडासारखं होतं. ते खलबत्त्यात कुटून किंवा फूड प्रोसेसरमध्ये फिरवून मऊ करावंच लागतं. हा कंटाळा केला की लाटताना कडा चिरतात, आणि चिरलेल्या कडा कितीही दाबल्या तरी तेलात उघडतात.

साट्याची पारी

मोहनात तूप पिठाच्या कणाकणाला लागतं, म्हणून पारी खुसखुशीत होते. साट्यात तूप दोन पोळ्यांच्या मध्ये राहतं. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर उचलले जातात. त्यामुळे साटा मऊ पण घट्ट हवा.

२५० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम मोहन आणि साधारण ११० मिली पाणी घेऊन पीठ भिजवा. साट्यासाठी ६० ग्रॅम थिजलेलं तूप परातीत तळहाताने फेसा. पिवळसर, रवाळ तूप हळूहळू पांढरंशुभ्र आणि लोण्यासारखं हलकं होत जातं. मग त्यात ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची बारीक पिठी मिसळा. ऑक्टोबरच्या उकाड्यात साटा पातळ होऊ लागला तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पातळ साटा पिठात जिरतो आणि पदर सुटतच नाहीत.

पिठाच्या सहा पातळ पोळ्या लाटा. तीन-तीन पोळ्या साटा लावून एकावर एक रचा, वरच्या पोळीलाही साटा लावा आणि आत हवा न ठेवता घट्ट गुंडाळा. दोन सेंटिमीटरच्या लाट्या कापून ओल्या फडक्याखाली झाका. कापलेली बाजू वर ठेवून तळहाताने दाबा आणि मधून कडेकडे हलक्या हाताने लाटा. जोर लावला की पदर एकमेकांत चेपले जातात, मग केलेली सगळी मेहनत वाया. जी वलयं नीट दिसतात ती बाजू खाली ठेवून सारण वरच्या बाजूला भरा, म्हणजे मिटल्यावर वलयं बाहेर येतील. तुपकट कडा सहज चिकटत नाहीत, त्यामुळे दुधाचं बोट फिरवून घट्ट दाबा आणि कातण्याने कापा. मुरड मोहनाच्या करंजीला शोभते, इथे तिने पदर दबतात.

तळणी

पिठाची गोळी टाकल्यावर चार-पाच सेकंदांनी वर आली, की तेल मोहनाच्या करंजीला योग्य. साट्याच्या करंजीला आच याहून थोडी मंद ठेवा. एका वेळी चार-पाचच सोडा, झाऱ्याने वरून तेल उडवा आणि आठ-दहा मिनिटं द्या. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरचे पदर लाल होतात आणि आतले कच्चे, पिठाळ राहतात. फारच थंड असेल तर साटा उतरून तेल फेसाळतं आणि करंजी तेलकट होते.

काढलेल्या करंज्या चाळणीत उभ्या ठेवून निथळू द्या. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ कोंडली की दोन्ही प्रकारच्या करंज्या सादळतात.