गोव्याला जहाज लागलं तरी आम्ही उतरत नाही, बऱ्याच महिन्यांचा अनुभव

गेल्या सीझनपासून आमच्या घरात मुंबई-गोवा क्रूझचं वेड लागलंय, कधी आईबाबांना घेऊन तर कधी नणंदेकडच्यांबरोबर. बेळगावात परत आलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, गोव्यात काय काय बघितलंत? आम्ही उतरतच नाही ओ. गोवा आपल्याला चोर्ला घाटातून तीन-साडेतीन तासांवर, मनात आलं की रविवारी जाऊन येतोय, मग क्रूझचे एवढे पैसे भरून परत पणजीच्या ट्रॅफिकमध्ये कशाला बसायचं?

सकाळी मुरगाव बंदरात जहाज लागलं की निम्म्याच्या वर पब्लिक उतरतं आणि मग खरी मजा सुरू होते. लिफ्ट रिकामी, बुफेला लाईन नाही, आदल्या दिवशी डोसा काउंटरला उभं राहून आईचे गुडघे दुखले होते तिथेच दुसऱ्या दिवशी तो पोरगा स्वतः टेबलावर गरम डोसा आणून देतो. आणि जहाजातून उतरायच्या शिडीचा चढ भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, गुडघेदुखी असेल त्यांनी हे धरून चाला.

बाबा मूळचे लोंढ्याचे, रेल्वे जंक्शनच्या गावचे. ते नाश्ता करून जे डेकवर जाऊन उभे राहतात ते जेवायलाच खाली येतात. बंदरात कोळसा उतरवायलेत ते बघत बसायचं, हाच कोळसा वॅगनीतून दूधसागर, कॅसलरॉकचा घाट चढून लोंढ्यावरनं पुढं कर्नाटकातल्या स्टील कारखान्यांना जातो. आयुष्यभर गाड्या जाताना बघितल्या, त्या भरतात कुठं ते आत्ता बघायला मिळालं, एवढे खूश होते की काय सांगू.

आता बंद काय असतं तेही सांगते. कॅसिनो आणि ड्युटी-फ्री दुकानं बंदरात उघडत नाहीत, कस्टम्सचा नियम आहे. जेवायला सगळी रेस्टॉरंट चालू नसतात, एका ट्रिपला तर दुपारी फक्त बुफे होता, हे मला अजिबात पटलं नाही, पैसे पूर्ण घेता ना? पोर्ट चार्जेस पण उतरा नाहीतर राहा, भरावेच लागतात. मधेच स्टाफचं इमर्जन्सी ड्रिल असतं, सात छोटे भोंगे आणि एक लांब, आई पहिल्यांदा दचकलीच. आधी अनाउन्समेंट होते, प्रवाशांना काही करायचं नसतं. पण लाइफबोट खाली सोडताना जवळून बघा, दोन्ही टोकांच्या वायरी एकसारख्या सुटत बोट सावकाश पाण्याला टेकते, पोरं तर तिथनं हलत नव्हती.

मोबाईलला बंदरात आपलं साधं नेटवर्क येतं, घरचे फोन तेव्हाच उरकून घ्या. जहाज सुटलं की एअरप्लेन मोड, नाहीतर समुद्रातलं रोमिंग लागून बिल फुगतं.

ज्यांनी गोवा कधी बघितलाच नाही त्यांनी मात्र उतरा बिनधास्त, फक्त जहाजाचं कार्ड जवळ ठेवा आणि परत चढायच्या वेळेचा फोटो काढून ठेवा, उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही.