हातभार कुणाचा, नाव कुठे? मुक्त टेक्स्ट एडिटरांच्या श्रेयपद्धती शेजारीशेजारी ठेवून

समजा तुमचा एक छोटासा मुक्त टेक्स्ट एडिटर आहे, म्हणजे मजकूर आणि कोड लिहिण्याचा, कुणालाही उघडून बदलता येईल असा प्रोग्रॅम. पंधरा-वीस जणांनी कधी ना कधी काहीतरी करून दिलंय. कुणी पॅच (कोडमधल्या बदलाचा तुकडा) पाठवला, कुणी मराठी भाषांतर केलं, कुणी 'सेव्ह करताना शेवटची ओळ गायब होते' हे तीन-तीनदा चिकाटीनं कळवलं. आता नवी आवृत्ती काढायची आहे आणि या सगळ्यांची नावं कुठे लिहायची हे ठरत नाहीये. पैसे तर कुणाला मिळणार नाहीत. नाव हीच बिदागी.

जुन्याजाणत्या एडिटरांनी हा प्रश्न आपापल्या परीनं सोडवलाय. इमॅक्स आणि विम अगदी दोन टोकांना आहेत, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. नॅनो, केट आणि ग्नोमवाल्यांची तऱ्हा निराळी. बॉटचं दोन ओळींत उरकेन. माझा कल आधीच सांगून टाकतो: नाव कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या इतिहासात होणाऱ्या बदलाच्या नोंदीत, जावं, आणि कमिट करतानाच जावं. नंतर बसून यादी करू म्हणणाऱ्याची यादी कधीच होत नाही.

इमॅक्स: दप्तर चोख

ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या इमॅक्सचं काम रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये सुरू केलं. या मंडळींचं दप्तर चोख. चेंजलॉगमधल्या, म्हणजे बदलांच्या वहीतल्या, नोंदीत तारीख, नाव, ईमेल, कुठली फाइल, कुठलं फंक्शन, सगळं येतं. २०१४ च्या नोव्हेंबरात प्रकल्प गिटवर, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीवर, आला. त्यानंतरही काही महिने या नोंदी हातानंच लिहीत होते. आता कमिटचा संदेशच त्या साच्यात लिहायचा आणि त्यातून चेंजलॉग काढायचा, अशी रीत आहे.

याच नोंदींतून 'ऑथर्स' नावाची फाइल तयार होते. ती कुणी टंकत बसत नाही. इमॅक्सच्याच लिस्प भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम सगळे चेंजलॉग चाळतो आणि वर्णानुक्रमे एकेक नाव घेऊन सांगतो की या व्यक्तीनं अमुक फाइल लिहिली, तमुक फाइली बदलल्या. यादी फार लांबली की 'आणि आणखी इतक्या फाइली' म्हणून आवरतं घेतो. ऐकायला सगळं आपोआप वाटतं, पण त्या प्रोग्रॅमच्या पोटात टोपणनावांचा एक लांबलचक तक्ता आहे. एकच माणूस तीन स्पेलिंगांनी आला तर ती तिन्ही नावं एकाचीच, हे त्यात कुणीतरी हातानं भरलेलं असतं. आवृत्ती काढण्यापूर्वी हा प्रोग्रॅम चालवायचा, त्याला न उलगडलेल्या नोंदींची यादी तो वेगळी दाखवतो, ती निस्तरायची आणि मग पुढे जायचं. शिवाय मॅन्युअलमध्ये ऋणनिर्देशाचं वेगळं प्रकरण आहे, आपल्याकडे पुस्तकात असतं तसं, वाक्यांमध्ये लिहिलेलं.

यात अडचण आहे ती कागदपत्रांची. साधारण पंधरा ओळींपेक्षा मोठा बदल असेल तर कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागतो. तो करार झाल्याशिवाय कोड आत जात नाही. त्याहून लहान बदलाला सूट असते आणि कमिटमध्ये तशी खूण करतात. मालकी अशी संस्थेकडे गेली तरी फाइलीच्या डोक्यावर 'लेखक' म्हणून मूळ माणसाचं नाव राहतं. सातबारा एकाच्या नावावर, पण विहीर कुणी खणली ते काठच्या दगडावर कोरलेलं, असा हा प्रकार. मला तो प्रामाणिक वाटतो. पण वीस माणसांच्या प्रकल्पानं यातली फक्त दगडावरची कोरणी उचलावी, सातबाऱ्याच्या भानगडीत पडू नये.

त्या भानगडीत काय होतं याचा नमुना नॅनोनं दाखवलाय. करारांच्या याच धोरणावर आक्षेप घेऊन नॅनोची काही मंडळी २०१६ च्या जूनमध्ये ग्नू प्रकल्पातून बाहेर पडली. ग्नूचं म्हणणं, हे बाहेर पडणं नव्हेच, ही वेगळी चूल आहे. ऑगस्टमध्ये नॅनोपुरती सवलत मिळाली आणि घरवापसी जाहीर झाली.

विम: कंसातलं नाव

विमची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९१ ची. तेव्हापासून २०२३ पर्यंत विम म्हणजे ब्राम मूलेनार. लोक पॅच पाठवत, ब्राम तो तपासत, लागेल तसा बदलत आणि स्वतः कमिट करत. प्रत्येक पॅचला क्रमांक. संदेशाचा साचा ठरलेला: आधी 'अडचण', खाली 'उपाय', आणि उपायाच्या शेवटी कंसात पाठवणाऱ्याचं नाव.

म्हणजे नाव होतं, याबद्दल वाद नाही. बऱ्याचदा बग कळवणाराही त्या संदेशात असायचा, आणि एवढी काळजी फार थोडे प्रकल्प घेतात. पण गिटमध्ये 'लेखक' हा एक स्वतंत्र रकाना असतो. तिथे वर्षानुवर्षं एकच नाव पडत राहिलं. गिटला कंस वाचता येत नाही. कमिट नावांनिशी मोजणारी 'शॉर्टलॉग' ही गिटची आज्ञा चालवा की गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा योगदानाचा आलेख उघडा, शेकडो लोकांचं काम एकाच माणसाच्या खात्यावर जमा. आणि विम नुसता उघडलात की स्वागताच्या पडद्यावर काय दिसतं? 'ब्राम मूलेनार आदी'. ते 'आदी' म्हणजे बाकीचं अख्खं गाव.

यात ब्राम यांचा हावरटपणा मला दिसत नाही. जो माणूस त्याच पडद्यावर स्वतःसाठी काही न मागता युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं लिहितो, त्याला आलेखातल्या रेघांचं काय! ईमेलनं पॅच यायचे त्या काळची ही सवय, आणि एकहाती दर्जा राखण्याची तऱ्हा. पण फटका बसतो तो पाठवणाऱ्याला. नोकरीच्या मुलाखतीत एखादी मुलगी म्हणाली की 'विममध्ये माझा कोड आहे', तर तिला कंस शोधून दाखवावा लागणार.

३ ऑगस्ट २०२३ ला ब्राम गेले. धुरा क्रिस्टियन ब्राबांट यांच्याकडे आली. आता कमिटच्या लेखकाच्या रकान्यात पॅच पाठवणाऱ्याचं नाव राहतं. मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, नाव 'कमिटर' म्हणून शेजारी. २ जानेवारी २०२४ ची ९.१ ही आवृत्ती ब्राम यांना अर्पण केलेली आहे. विममधूनच फुटून निघालेला निओविम तर २०१४ पासूनच वेगळा. तिथे विमचे पॅच ओढून आणतात, तेव्हा आणणारा लेखक ठरतो आणि मूळ माणूस मागे पडण्याची भीती असते. त्यावर इलाज म्हणून संदेशाच्या तळाशी 'को-ऑथर्ड-बाय' अशी ओळ घालतात. गिटहब २०१८ पासून ही ओळ ओळखतं आणि दोघांनाही श्रेय देतं.

इथे माझं घोडं दामटतो. एका छोट्या एडिटरमध्ये (नाव सांगत नाही) देवनागरी जोडाक्षरावरून कर्सर सरकताना अडखळायचा. 'क्ष'च्या मधोमध जाऊन उभा राहायचा आणि बॅकस्पेस दाबलं की अर्धं अक्षर खायचा. मी दोन रविवार घालवून चाळीस-एक ओळींचा पॅच पाठवला. मेंटेनरनं तो वाचला, आवडला म्हणाला, 'थोडा नीटनेटका करतो' म्हणत स्वतः पुन्हा टंकला आणि स्वतःच्या नावावर कमिट केला. आभाराचं पत्र आलं, अगदी मनापासूनचं. पण ते माझ्या इनबॉक्समध्ये. लॉगमध्ये मी नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता याची मला आजही खात्री आहे. पुढचा पॅच मात्र मी पाठवला नाही.

आणि हे टाळायला काही अवतारी पुरुष लागत नाही. कमिट करताना लेखक म्हणून दुसऱ्याचं नाव देण्याची सोय गिटमध्येच आहे. ईमेलनं आलेला पॅच 'गिट एएम'नं लावला तर पाठवणाऱ्याचं नाव आपसूक लेखक म्हणून पडतं. तुम्ही खरोखरच बरंच बदललं असेल तर लेखक तुम्ही आणि खाली को-ऑथर्ड-बाय त्याचं. एक खबरदारी मात्र घ्या: 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ श्रेयाची नाही. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, एवढंच ती कबूल करते. लिनक्स कर्नलमध्ये ती २००४ पासून आहे. तिच्यात नाव घातलं म्हणजे श्रेय दिलं, असं समजू नका.

पडद्यावरची नावं

आतापर्यंतचं सगळं कोडवाल्यांचं. भाषांतर करणारी, चिन्हं काढणारी, मॅन्युअल लिहिणारी माणसं कमिटमध्ये क्वचितच दिसतात. त्यांना जागा मिळते ती 'विषयी' या खिडकीत.

केटमध्ये, म्हणजे केडीई या डेस्कटॉपच्या एडिटरमध्ये, ही खिडकी उघडून पाहाच. लेखक एका टॅबमध्ये, आभार दुसऱ्यात, भाषांतर तिसऱ्यात. नावाखाली कामही लिहिलेलं. आभारांच्या यादीत एक नोंद अशी आहे की ज्यांनी हातभार लावला आणि ज्यांचा उल्लेख करायचा राहिला ते सर्व.  आपल्याकडच्या आभारप्रदर्शनातलं 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार' ते हेच!

ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या अॅप्समध्ये भाषांतरासाठी दिलेल्या फाइलीत एक खास ओळ असते, 'ट्रान्सलेटर-क्रेडिट्स'. तिचं भाषांतर करायचं नसतं, तिच्या जागी भाषांतर करणाऱ्यांनी आपापली नावं लिहायची असतात. एडिटर मराठीत चालू केला की मराठीकारांची नावं दिसतात, तमिळमध्ये केला की तमिळवाल्यांची. ती ओळ तशीच सोडली तर जीटीके (ग्नोमच्या खिडक्या-बटणं बनवणारी लायब्ररी) ते ओळखतं आणि भाषांतराचा रकानाच लपवतं. ही सोय मला फार आवडते, कारण नाव लिहिण्याचं काम मेंटेनरकडे उरतच नाही. ज्यानं काम केलं त्याच्याच हातात लेखणी. फक्त नवख्याला कुणीतरी सांगायला हवं, नाहीतर बिचारा त्या ओळीचं इमानदारीत मराठी करतो, 'भाषांतरकार श्रेय', आणि खिडकीत नावाऐवजी तेच छापलं जातं.

नॅनोची गंमत वेगळीच. थँक्स नावाच्या फाइलीत अनुवादक आणि मदतनीस आहेतच, पण एक चोरदरवाजाही आहे. नाव न दिलेल्या नव्या फाइलीत काहीतरी टंका. कंट्रोल-एक्स दाबा. बदल जतन करायचे का विचारेल, वाय दाबा. फाइलीचं नाव विचारेल तिथे झेड-झेड-वाय लिहून एंटर. बहुतेक ठिकाणच्या नॅनोत सिनेमा संपल्यावर वर सरकते तशी श्रेयनामावली चालू होते. एक्स, वाय, झेड, झेड, वाय या कळा ओळीनं जोडल्या की जुन्या संगणकी खेळातला एक जादूचा शब्द बनतो. लपलेली गोष्ट म्हणून झकास, पण श्रेय देण्याची जागा म्हणून कुचकामी. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात ते येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं म्हणूनच ना?

बॉट आणि आलेख

'ऑल-कॉन्ट्रिब्यूटर्स' नावाचा बॉट, म्हणजे सांगितलेलं काम आपोआप करणारा प्रोग्रॅम, आहे. अमुकला भाषांतरासाठी जोड, तमुकला बग कळवण्यासाठी जोड, असं सांगितलं की रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) फोटो आणि चिन्हांचा तक्ता करून देतो. कोडशिवायची कामं धरतो, ही जमेची बाजू. पण सांगायला माणूस लागतोच, आणि ज्याचं गिटहबवर खातं नाही त्याची पंचाईत. गिटहबच्या आलेखावर तर मुळीच विसंबू नका. कमिटमधला ईमेल खात्याशी जोडलेला नसेल तर ते काम त्या माणसाच्या खात्यावर दिसतच नाही.

नावाचंच नाव

हा मुद्दा इंग्रजी मार्गदर्शकांत फारसा सापडत नाही, पण मराठी माणसाच्या वाट्याला हमखास येतो. कुणी वडिलांच्या नावासकट लिहितं, कुणी आद्याक्षरांत. लग्नानंतर आडनाव बदलतं. कुणाला देवनागरीतच नाव हवं असतं. गिटला देवनागरीचं वावडं नाही, फक्त संकेतांकानुसार लावलेल्या यादीत ते नाव रोमन नावांच्या मागे, शेवटी जातं. नाव बदललं असेल तर जुने कमिट बदलता येत नाहीत असं नाही, पण लेखकाचं नाव हॅशमध्ये, म्हणजे कमिटच्या मजकुरावरून निघणाऱ्या ओळखक्रमांकात, मिसळलेलं असतं. एक नाव बदललं की पुढच्या सगळ्या कमिटांचे हॅश बदलतात आणि सगळ्यांच्या प्रती बिनसतात. त्यापेक्षा 'मेलमॅप' नावाची फाइल ठेवा: या ईमेलसाठी हे नाव दाखव, एवढीच ओळ. ईमेल तोच असेल तर जुनं नाव त्या फाइलीत लिहावंही लागत नाही.

मग घ्यायचं काय?

पाच-सात जण असतील तर लेखकाचा रकाना सांभाळा, मेलमॅप ठेवा, आणि बग कळवणाऱ्यासाठी कमिटच्या तळाशी 'रिपोर्टेड-बाय' लिहायची सवय लावून घ्या. कर्नलवाले ते कधीपासून करतात. बस. वेगळी फाइल करू नका, ती शिळी होते.

वीस-पंचवीस झाले आणि त्यात भाषांतरवाले असले की खिडकीत नावं हवीत, ग्नोमसारखी भाषांतराच्या फाइलीतूनच आलेली. आवृत्तीच्या घोषणेत शॉर्टलॉगवरून काढलेली त्या खेपेच्या लोकांची नावं टाका. चार मिनिटांचं काम, आणि लोक बाकी काही वाचोत न वाचोत, हे वाचतात. इमॅक्ससारखी 'ऑथर्स' फाइल शंभराच्या पुढे गेल्यावर बघू. बॉटच्या वाटेला मी गेलेलो नाही, रीडमी फोटोंनी भरलेलं मला आवडत नाही. तुम्हाला आवडत असेल तर खुशाल लावा.

मी स्वतः एक छोटं प्लगइन सांभाळतो. हल्ली मर्ज करण्याआधी पाठवणाऱ्याला एक ओळ लिहून विचारतो: नाव कसं लिहू? गेल्या महिन्यात एकीचं उत्तर आलं, "देवनागरीत. आणि आडनाव नको."

तसंच लिहिलं.