साठवलेल्या कॉर्नियाचे दहा महिने

सकाळी तलावपाळीवर फिरायला गेलो की पाणी आणि पलीकडचा रस्ता एकमेकांत मिसळलेले दिसायचे आणि दुपारपर्यंत ते जरा वेगळे व्हायचे. अशी दोन वर्षे काढल्यावर गेल्या जूनमध्ये माझ्या उजव्या डोळ्यात दात्याच्या कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, आतला पातळ थर बसवण्यात आला. आजार फुक्स डिस्ट्रॉफीचा. यात कॉर्नियातील पाणी उपसणाऱ्या आतल्या पेशी कमी होत जातात आणि तो फुगून धूसर होतो. रात्रभर पापणी मिटलेली असल्यामुळे ओल उडून जात नाही, म्हणून सकाळ जास्त वाईट जाते.

नेत्रपेढीतून आलेला कॉर्निया नऊ दिवस द्रावणात ठेवलेला होता, हे कळल्यावर माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'शिळा'. डॉक्टरांनी न कंटाळता समजावले, की त्या द्रावणात २ ते ८ अंश सेल्सिअसला कॉर्निया १४ दिवसांपर्यंत वापरता येतो आणि पेशी किती आहेत हेही तितकेच पाहिले जाते. याच प्रकारच्या १,३३० शस्त्रक्रियांचा अमेरिकेतील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सात दिवसांपर्यंत साठवलेल्या कॉर्नियांपैकी ९५.३ टक्के तीन वर्षांनीही टिकून होते, तर आठ ते चौदा दिवसांच्या गटात हे प्रमाण ९२.१ टक्के होते. एवढ्या फरकासाठी आणखी थांबणे मला पटले नाही.

थर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात आणि दिवसभर उताणे झोपवतात, तो दिवस फार लांबला. पुढचे काही दिवस, बुडबुडा विरेपर्यंत, नजरेत एक रेघ पाण्याच्या पातळीसारखी डुलत असे. ऑगस्टअखेर मात्र ठाणे स्थानकावरच्या इंडिकेटरवरील वेळ जिन्यावरूनच वाचता आली, तेव्हा मी तिथेच थबकलो.

चूक माझीच झाली. गणपतीत गावी जाताना स्टेरॉइडच्या थेंबांची बाटली ठाण्यातच राहिली आणि दोन दिवस थेंब चुकले. परतलो तो डोळा लाल, उजेड सहन होईना. शरीर थर नाकारू लागल्याची ती लक्षणे होती. मी त्याच संध्याकाळी गेलो, तासातासाला थेंब घातले, म्हणून तो वाचला; पण त्या उपचारात डोळ्यातील दाब वाढला आणि त्यासाठी आणखी एक औषध मागे लागले.

आज त्या डोळ्याने नजर तपासण्याच्या तक्त्यावरची ६/९ ची, म्हणजे सामान्य नजरेच्या जरा अलीकडची, ओळ वाचतो. दात्याचे वय आणि पेशींची मोजणी, एवढेच माझ्या कागदांवर आहे. त्या कुटुंबाला नमस्कार पोचवता आला असता तर बरे वाटले असते. डाव्या डोळ्यासाठी नाव नोंदवले आहे, आणि या वेळी साठवणीचे दिवस विचारण्याआधी मी पेशींची संख्या विचारणार आहे.